कृषी प्रदर्शन बदललं. स्टॉलवर इसार देण्याआधी एवढं तपासा

नोव्हेंबर ते जानेवारी हा कृषी प्रदर्शनांचा हंगाम. कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला, अकोल्यात पंजाबराव देशमुख जयंतीच्या निमित्ताने, जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर. गावोगावच्या गाड्या भरून निघतात. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे बघायला जायचो, ते आता तिथं तसंच राहिलेलं नाही.

आधी मांडणारा शेतकरीच होता

जुनी प्रदर्शनं जत्रेच्या जोडीने वाढली. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत खिलार बैल, माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी. शेतकरी आपला बैल, ज्वारीचं कणीस, उसाची मोळी घेऊन यायचा. पंच बघायचे, नंबर काढायचे. बक्षीस लागलेल्या माणसाला बाकीचे विचारायचे, "बी कुठलं? खत किती दिलं?" शिक्षण तिथंच व्हायचं.

पुढे सरकार आणि विद्यापीठं यात उतरली. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. १९६८ पासून राज्यात कृषी विद्यापीठं उभी राहिली आणि नवीन वाण शेतकऱ्याला प्लॉटवर उभा दिसू लागला.

आता मांडणारा बदलला

आज मोठ्या प्रदर्शनाचा खर्च बराचसा स्टॉलच्या भाड्यातून निघतो. भाडं देतात कंपन्या. भाडं भरलेला माणूस ते वसूल करणारच. म्हणून औजारं, ठिबक, ड्रोन, टॉनिक यांची गर्दी जास्त आणि शेतकऱ्याने आणलेला माल कमी. शेतात ट्रॅक्टर आला तसे दावणीचे बैलही कमी झाले. आता एखादा धिप्पाड रेडा मंडपात बांधतात आणि त्याच्यासोबत सेल्फी काढायला रांग लागते.

यात सगळं वाईट नाही. पूर्वी ज्या मशीनचं फक्त नाव ऐकायचो, ते समोर चालताना दिसतं. फक्त आपण तिथं आता स्पर्धक नाही, गिऱ्हाईक आहोत, हे ध्यानात ठेवून जावं.

खिशात हात घालण्याआधी

औजार : "आजच बुकिंग केलं तर सूट, अनुदान नंतर मिळेल," असं सांगितलं जातं. महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचं असेल तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी, हा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान हातचं जातं.

बियाणं : पिशवीवरचा टॅग बघा. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. हिरवा म्हणजे सत्यप्रत, त्याची हमी कंपनी स्वतः देते. लॉट नंबर लिहिलेली पक्की पावती घ्या. पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत ठेवा. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीसमोर हाच पुरावा लागतो.

टॉनिक : बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. "सगळ्या पिकांना चालतं, रिझल्ट गॅरंटी" असं कोणी म्हणालं, तर बाटलीवर कुठलं पीक आणि किती मात्रा छापली आहे ते वाचा. छापलं नसेल तर बाटली परत ठेवा.

फिरायचं कसं

सकाळी लवकर पोचलात तर आधी प्लॉटवर जा, स्टॉल नंतर. बारामतीत पिकं मातीत उभी असतात. तिथं जमीन, पाणी, लागवडीची तारीख विचारा आणि आपल्या रानाशी ताडून बघा. मशीन आवडलं तर विक्रेत्याकडून आपल्या तालुक्यात ते वापरणाऱ्या दोन शेतकऱ्यांचे नंबर मागा. स्पेअर पार्ट कुठं मिळतात, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो, हे त्या दोघांना विचारा. त्या दिवशी पत्रकं आणि दर तेवढे घेऊन या. इसार घरी बसून, हिशेब मांडून, चार दिवसांनीही देता येतो.