मिथेनचा हिशेब : मोजमाप आणि नियंत्रण

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• मिथेनचे नैसर्गिक व मानवनिर्मित स्रोत सांगता येतील.
• मिथेन मोजण्याच्या दोन पद्धतींमधील फरक स्पष्ट करता येईल.
• मोजमाप व नियंत्रण यांचा संबंध उदाहरणांसह मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गोबरगॅसच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळणारा वायू हा मुख्यतः मिथेन असतो. हाच वायू न जळता हवेत मिसळला, तर तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. २० वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास एक टन मिथेन हा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे सुमारे ७०० रेणू होते; आज ते १,९०० हून अधिक आहेत.

एक बाब मात्र आशादायक आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत टिकून राहतो, तर मिथेनचे हवेतील सरासरी आयुष्य सुमारे १२ वर्षांचे असते. आज उत्सर्जन घटवले, तर त्याचे फळ याच पिढीला पाहता येईल. त्यासाठी हा वायू कोठून आणि किती येतो, हे आधी ठाऊक असावे लागते.

२. मिथेनचे स्रोत

ऑक्सिजन पोहोचत नाही अशा जागी सेंद्रिय पदार्थ कुजू लागले की विशिष्ट सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. १७७६ साली आलेस्सान्द्रो व्होल्टा यांनी इटलीतील माज्जोरे सरोवराच्या चिखलातून वर येणारे बुडबुडे गोळा करून या ज्वलनशील वायूचा अभ्यास केला. पाणथळ जागा हा आजही मिथेनचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे. हीच प्रक्रिया पाणी भरलेल्या भातखाचरांत, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात आणि कचऱ्याच्या ढिगात घडते. मात्र हे स्रोत मानवाच्या व्यवहारातून निर्माण झालेले असल्यामुळे त्यांची गणना मानवनिर्मित स्रोतांत होते. कोळशाच्या खाणी, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या उद्योगांतून होणारी गळती हा मानवनिर्मित स्रोतांचा दुसरा मोठा गट होय. एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के वाटा मानवनिर्मित मानला जातो.

३. मोजमापाच्या दोन पद्धती

पहिली पद्धत स्रोतांच्या बेरजेची आहे. जनावरांची संख्या घ्यायची, एका जनावराच्या वार्षिक उत्सर्जनाने तिला गुणायचे, आणि प्रत्येक स्रोताबाबत असेच करत जायचे. एका जनावराचा आकडा मिळवण्यासाठी त्याला बंदिस्त कक्षात ठेवून त्याच्या श्वासातील व ढेकरांतील वायू मोजतात. अडचण अशी की, सकस खुराकावरील संकरित गाईचा आकडा कोरड्या कडब्यावर जगणाऱ्या गावठी गाईला लागू पडत नाही. एका जनावरामागील लहानशी चूक कोट्यवधींच्या संख्येने गुणली जाते.

दुसऱ्या पद्धतीत हवेपासून उलटा हिशेब मांडतात. मनोरे, विमाने व उपग्रह यांच्या साहाय्याने हवेतील मिथेन मोजायचा आणि वाऱ्याच्या दिशेवरून तो कोठून आला असावा हे ठरवायचे. २०१७ मध्ये अवकाशात गेलेला सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावरून ही नोंद घेतो. परंतु ढगांआडचे त्याला दिसत नाही. आपल्याकडे भातखाचरे भरलेली असतात तेव्हा आकाशही नेमके भरलेले असते. शिवाय, गोठा आणि शेजारची दलदल यांतील वायू वेगळा ओळखणे या पद्धतीला कठीण जाते.

२००८ ते २०१७ या दशकासाठी या दोन्ही पद्धतींनी जागतिक अंदाज बांधण्यात आले. बेरजेने वर्षाला सरासरी ७३.७ कोटी टन, तर हवेच्या हिशेबाने ५७.६ कोटी टन एवढे उत्सर्जन आढळले. ही तफावत मुख्यतः नैसर्गिक स्रोतांबाबत आहे. एकच उथळ पाणवठा एकदा पाणथळ जागा म्हणून आणि पुन्हा तलाव म्हणून मोजला जाणे, हे तिचे एक कारण होय. यावरून आपल्या लक्षात येईल की, हवा एकूण बेरजेवर अंकुश ठेवते, पण तपशील जमिनीवरूनच मिळवावा लागतो.

४. मोजमापाकडून नियंत्रणाकडे

ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायुसाठ्याच्या विहिरीतून गळती सुरू झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती थांबेपर्यंत सुमारे ९७,००० टन मिथेन हवेत गेला. हा आकडा लहान विमानातून घेतलेल्या मोजमापांमुळे कळला. अशा ठिकाणी उपाय सरळ असतो : गळती शोधणे आणि बुजवणे.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका उपग्रहाधारित अभ्यासात मुंबई, दिल्ली, लाहोर व ब्युनोस आयर्स या शहरांचे उत्सर्जन प्रचलित नोंदींपेक्षा १.४ ते २.६ पट अधिक आढळले आणि त्यात कचराभूमींचा वाटा लक्षणीय होता. घरातच ओला कचरा वेगळा करून त्याचे खत वा गोबरगॅससारखे इंधन करणे हा येथील उपाय आहे.

भातशेतीत खाचर सतत भरलेले न ठेवता अधूनमधून सुकू दिल्यास मिथेन बराच घटतो. मात्र त्यासाठी पाणी हवे तेव्हा सोडता आणि थांबवता आले पाहिजे. कोकणातील मुसळधार पावसात हे शेतकऱ्याच्या हाती नसते.

५. जबाबदारीचा प्रश्न

२०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक देशांनी २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जागतिक मिथेन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. भारत तीत सामील झाला नाही. आपल्याकडील मिथेनचा मोठा भाग पशुपालन व भातशेतीशी, म्हणजेच लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी निगडित आहे. तक्त्यात फुटक्या नळीतील आणि गाईच्या ढेकरेतील मिथेन टनांतच लिहिला जातो. तथापि पहिला थांबवल्याने वाया जाणारे इंधन वाचते, तर दुसरा थांबवण्याचा भार दोन गाईंच्या दुधावर चालणाऱ्या घरावर पडू शकतो. म्हणून आकड्यासोबत तो कोणाच्या जगण्यातून आला, हेही पाहावे लागते.

सारांश

मिथेन अल्पायुषी असल्याने त्याचे नियंत्रण लवकर फळ देते. स्रोतांची बेरीज आणि हवेतील नोंद या पद्धती परस्परपूरक आहेत. पाणथळ जागा राखायच्या आहेत. नियंत्रण मानवनिर्मित स्रोतांचे करायचे आहे, आणि त्याची सुरुवात गळती व कचरा यांपासून करणे सर्वांत सोपे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मिथेन मोजण्याच्या दोन पद्धतींच्या मर्यादा स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील मिथेनचा एक स्रोत निवडून त्यावर कोणता उपाय व्यवहार्य ठरेल आणि त्याचा भार कोणावर पडेल, ते लिहा.