फुकटचा फोन, पण बिल कोणाला?

अमेरिकेत कैद्यांच्या मोफत फोनला कात्री लावायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘गुन्हा करा आणि वर दिवसभर फुकट गप्पा मारा!’ दिवसभर कसल्या? तिथल्या केंद्र सरकारच्या तुरुंगांत पंधरा मिनिटं झाली की कॉल आपोआप तुटतो. आधी मंजूर झालेल्या नंबरांवरच तो लागतो. फोन तुरुंगातून आल्याची सूचना घरच्यांना आधी ऐकावी लागते आणि वकिलाशी होणारं खासगी बोलणं सोडलं तर सगळं रेकॉर्ड होतं. 2020 मध्ये कोविडमुळे भेटी बंद झाल्या, म्हणून कॉल मोफत केले. तेव्हाही महिन्याला मिनिटं 500च, म्हणजे दिवसाला जेमतेम सोळा-सतरा. पुढे मोफत मिनिटं 300वर आली, तीही पुनर्वसनाच्या कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांपुरती.

‘मग स्वतःच्या पैशानं बोलू दे की.’ कुठल्या पैशानं? या तुरुंगांत नेहमीच्या कामाला तासाला 12 ते 40 सेंट मिळतात. बिल भरते ती आई, नाहीतर बायको. वॉशिंग्टनच्या मार्था राइट या दृष्टिहीन आजीबाईंनी तुरुंगातल्या नातवाशी बोलण्यापायी अशी बिलं वर्षानुवर्षं भरली आणि 2003 मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार आयोगाकडे दाद मागितली. दरांवर लगाम घालणारा, त्यांच्याच नावाचा कायदा झाला 2023 मध्ये. आजीबाई 2015 मध्येच गेल्या होत्या.

‘फोनला खर्चच तेवढा येतो’ हेही अर्धंच खरं. अनेक ठिकाणी फोन कंपनीच्या कमाईतून जेलला कमिशन जायचं, ते दरातच धरलेलं. 2024 मध्ये आयोगानं हे कमिशन बंद करायचं आणि मोठ्या जेलमधल्या पंधरा मिनिटांच्या कॉलची कमाल किंमत 11.35 डॉलरवरून 90 सेंटवर आणायचं ठरवलं. (2025 मध्ये अंमलबजावणी पुढे ढकलली, ते वेगळंच रडगाणं.)

सुरक्षेचं म्हणाल, तर अधिकृत फोनवरचं बोलणं अधिकाऱ्यांना ऐकता येतं, चोरून आत आणलेल्या मोबाइलवरचं नाही.

निर्बंधवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. बराकीत फोन मोजके, रांग मोठी, एकानंच पुन्हा पुन्हा अडवला तर बाकीच्यांनी काय करायचं? त्यासाठी मिनिटांची मर्यादा ठेवा, सगळ्यांना सारखी. दर लावलात तर रांग कमी होईलही, पण तिच्यातून आधी बाहेर पडेल तो ज्याच्या आईला बिल झेपत नाही तो.