पहिली करंजी ड्यूटीवाल्याची!

नाताळ म्हटलं की तुम्हाला आठवतो कॅम्पातला केक आणि एमजी रोडची गर्दी, बरोबर ना? शिरूर-दौंडकडच्या आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत मात्र आधी तळणीचा वास सुटतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या... केकचा नंबर नंतर.

आजीचं माहेर शिरूर. अमेरिकन मराठी मिशनचं हे जुनं ठाणं. तिथूनच ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सासरी घेऊन आली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग-ओवीची चाल दिली. त्यामुळे आमच्या नाताळात पेटी, तबला, टाळ हवेतच.

सासर दौंड. १८७८ मध्ये मनमाडची लाइन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. आजोबा रेल्वेत होते. आता गाड्यांना कुठली आलीय नाताळची सुट्टी? त्यांची नाइट असली की आजी एकटीच पोरांना घेऊन चर्चला जायची. पण घरचा नियम पक्का होता: आजोबा आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पप्पा सांगतात, कधी कधी आमचा नाताळ २५ तारखेच्या दुपारी सुरू व्हायचा!

आजोबा आता नाहीत. गेल्या वर्षी नर्स असलेल्या ताईची पुण्यात नाइट होती. चर्चहून आल्यावर आम्ही फराळाकडे वळलो, तर आजी डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"ताई येऊ दे," एवढंच म्हणाली.

दौंडची गाडी धरून ताई दुपारी पोचली. पहिली करंजी तिलाच मिळाली.