शब्दांइतकाच चित्रांचा मान

बालपुस्तकांचे लेखक आणि चित्रकार यांना एका व्यासपीठावर आणणारी ‘इब्बी’ या आंतरराष्ट्रीय बालपुस्तक संस्थेची परिषद दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. १९९८मध्ये हा मान नवी दिल्लीला मिळाला होता. हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिके याच परिषदेत प्रदान केली जातात. लेखकांना हे पारितोषिक १९५६पासून मिळू लागले. चित्रकारांना मात्र त्यासाठी १९६६ची वाट पाहावी लागली. १९९८मध्ये लेखिका कॅथरिन पॅटरसन यांच्याबरोबरच चित्रकार टॉमी उंगरर यांचाही गौरव झाला. अक्षरओळख होण्यापूर्वी मूल पुस्तक वाचते ते चित्रांतूनच. म्हणजेच त्याचा पहिला लेखक असतो चित्रकार. मुलांसाठी पुस्तक घेताना त्याचे नाव आपण कधी वाचतो का?