निळी जागा

पहाटे ५.१०. पालघर स्टेशन. शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये. चालकाशेजारी अर्धी बाहेर बसलेली मुलगी मत्स्यव्यवसाय खात्यात नुकतीच रुजू झालीय. सागरी नियोजनाचं प्रशिक्षण चालू आहे, आज बंदरावरचा दिवस. पिशवीत मोजपट्टी ठोकलेली लाकडी फळी, स्प्रिंगकाटा, वही आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा.

५.५०. सातपाटी. खाडीत गाळ साचलाय, त्यामुळे बोटी भरतीलाच आत येतात. भरती चुकली की माल बोटीत अडकतो आणि बर्फ वितळत राहतो. आज एक बोट वेळेत लागते. खलाशी बर्फासकट मासळी वर काढतात, बायका पाट्या डोक्यावर घेतात. गार पाणी मानेवरून पाठीत उतरतं. दिवसाचे पाचशे आणि कालवणापुरती मासळी.

६.३०. पापलेटची वजनावर प्रतवारी चाललीय. मुलगी एकेक मासा फळीवर ठेवते. तोंड टोकाला टेकवायचं, अंग सरळ करायचं, शेपटीच्या खाचेपर्यंत एक माप, टोकापर्यंत दुसरं. दोन्ही वहीत. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. राज्याने ५४ जातींची किमान लांबीही ठरवून दिलीय. चंदेरी पापलेटची १३५ मिलिमीटर. एक मासा १२८ भरतो. ती पुन्हा मोजते. तेवढाच.

"मॅडम, हा जाळ्यातच मेलेला," बोटीचा तांडेल म्हणतो. "परत टाकून काय उपयोग?"

ती त्याच्या जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, मोजायला घेते. मला हे फार आवडलं. लांबी धक्क्यावर मोजली जाते, पण पिल्लू सुटतं की अडकतं ते आसच ठरवते.

८.१५. चहा, दहा रुपये. तांडेल फेरीचा हिशोब सांगतो. डिझेल, बर्फ, शिधा. खलाशाला महिन्याला पंधरा हजार, वर जेवण. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. त्या दोन महिन्यांत जाळी विणायची, बोट रंगवायची, उचल मात्र द्यावीच लागते. मुलगी सगळं लिहून घेते. वहीत या माहितीसाठी रकाना नाही, म्हणून समासात.

१०.३०. ओट्यावर नकाशा पसरलाय, कोपऱ्यांवर जाळ्याची शिसं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याची हद्द. १९८१ चा मासेमारी कायदा तिथवर. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. जहाजांची वाट आखलेली. उत्तरेला वाढवण बंदर, १,४४८ हेक्टर भराव. बाकी सगळं निळं.

तांडेल त्या निळ्यावर बोट ठेवतो. "यात कवी कुठायत?"

कवी म्हणजे डोल जाळी बांधायला समुद्राच्या तळात रोवलेले खुंट. वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांच्या कवी उत्तरेला सरकत आल्या, इकडच्यांची वाहती जाळी त्यांत अडकून फाटतात, हा वाद जुना आहे. नकाशात त्याची एक रेघही नाही. मला ते निळं खटकतं. रिकामी दिसणारी जागा कुणालाही देऊन टाकता येते.

तांडेल कवींच्या जागा दाखवायला जीपीएस आणतो. खोली सांगतो ती वावांत. ती मीटर करून लिहिते. तीन बिंदू व्हायला दीड तास जातो, कारण प्रत्येक बिंदूमागे एक फाटलेलं जाळं आहे आणि तो ते सांगतोच.

दुपारी १.४०. डबा. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी.

४.००. पालघरला वर्ग. पंखा, प्रोजेक्टर, वीसेक अधिकारी. ती तीन बिंदू पडद्यावर दाखवते. शिकवणारे निवृत्त शास्त्रज्ञ विचारतात, "हे एकाच बाजूचं झालं. उत्तनवाले काय म्हणतात?"

"उद्या तिकडेच चाललोय, सर."

"त्यांनी वेगळे बिंदू दिले तर यातले कुठले खोडशील?"

ती गप्प. मागून कोणीतरी म्हणतं, सरासरी काढू.

"सरासरीच्या जागी कुणीच जाळं टाकत नाही," ते म्हणतात. "दोन्ही ठेव. दोन रंगांत. आणि कुणी, कधी सांगितलं ते शेजारी लिही."