भाड्याचे घर आणि पणजी

पणजीत नोकरी लागलेल्या सामान्य माणसाने पणजीतच बिऱ्हाड करावे, ही गोष्ट आता दुरापास्त झाली आहे. ताळगाव, सांत इनेज, मिरामार या भागांत दोन खोल्यांच्या फ्लॅटचे भाडे ऐकून शिक्षक, कारकून, बांबोळीच्या इस्पितळातील परिचारिका आल्या पावली परततात आणि फोंडा, म्हापसा, डिचोलीहून रोज बसने ये-जा करणे पत्करतात. भाड्याखेरीज काही महिन्यांची अनामत आणि दलालाची दलाली हातावर ठेवल्याशिवाय किल्ली मिळत नाही, ते वेगळेच.

घरांची खरोखरच टंचाई असती तर आम्ही हा विषय बांधकामावर सोडून दिला असता. परंतु २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे सव्वा लाख घरे, म्हणजे पाचातले एकाहून अधिक, रिकामी आढळली होती. ही घरे कुलूपबंद का राहतात, याचा विचार व्हावयास हवा. परप्रांतीय धनिकांनी सुट्टीपुरती घेतलेली घरे त्यांत आहेत, परदेशी स्थायिक झालेल्या गोमंतकीयांचीही आहेत. आणि घर एकदा दिले की परत मिळणार नाही, या धास्तीने कुलूप लावणारे स्थानिक घरमालकही आहेत.

ही धास्ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते त्या काळी आवश्यकच होते. पण फोंताइन्हास, मळा भागांतील कित्येक जुन्या घरांत भाडे इतके अल्प राहिले की त्यातून छपराची कौलेही बदलता येऊ नयेत. घरमालकाला डागडुजीत रस नाही, भाडेकरूला घर सोडणे परवडत नाही, आणि भिंती पावसाळ्यागणिक ढासळत आहेत. यातून पळवाट निघाली ती अकरा महिन्यांच्या परवाना कराराची. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून मुदत अकरा महिने! दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवून घ्यावयाचे, नाही तर सामान उचलावयास सांगावयाचे. मुलांची शाळा अकरा महिन्यांनी बदलत नाही, याचे भान कोणी ठेवावे?

त्यात अलीकडे पर्यटकांची भर पडली. महिन्यातून मोजके दिवस पाहुणा उतरला तरी महिन्याचे भाडे सुटते, असे घरमालक उघडपणे सांगतात. निवासी इमारतीतील फ्लॅट अशा रीतीने लॉज बनला की शेजाऱ्यांना रात्रीचा त्रास आणि भाडेकरूंना एक घर कमी. पर्यटकांना पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी, असे १९८२ चा कायदा सांगतो. नोंदणी नसलेल्या फ्लॅटवर खात्याने मुळीच दयामाया दाखवू नये.

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, भाडेवाढीची सूचना तीन महिने आधी द्यावी, लेखी करार व्हावा, आणि मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडे वसूल व्हावे, अशी त्यात दोन्ही पक्षांची सोय आहे. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज मात्र तो कागदच राहतो. मुंडकारांना १९७५ साली हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या विधानसभेला भाडेकरूचा प्रश्न परका वाटू नये. जुन्या भाडेकरूंना एकाएकी रस्त्यावर न आणता भाडे टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि वाढीव रकमेचा ठराविक भाग दुरुस्तीवरच खर्चावा, अशी तरतूद त्यात घालणे अवघड नाही. सरकारी वसाहतींतील ज्या खोल्या निव्वळ डागडुजीअभावी ओस पडल्या असतील, त्या दुरुस्त करून कनिष्ठ कर्मचाऱ्यांना देण्यास तर नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही.