अकरावीचा पसंतीक्रम भरताना

दहावीनंतर महाविद्यालय निवडण्याचा खरा प्रश्न पसंतीक्रमाच्या अर्जात सुटतो किंवा फसतो. मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावतीपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया 2025 पासून राज्यभर लागू झाली. अर्जात किमान 1 आणि कमाल 10 महाविद्यालये भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. नाकारल्यास पुढील नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. म्हणून केवळ नाव मोठे म्हणून कोणतेही महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे धोक्याचे.

मागील वर्षाचा कट-ऑफ अंदाजापुरता पाहावा. तो दरवर्षी हलतो. त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते तुकडीकडे. एकाच इमारतीत विज्ञानाची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, आणि शुल्कात मोठी तफावत पडते. हवा तो विषय, उदाहरणार्थ माहिती तंत्रज्ञान, तिथे शिकवतात का, प्रयोगशाळा वापरात आहे का, घरापासून लोकलने किंवा एसटीने किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. क्लासशी संधान बांधून हजेरी कागदावरच ठेवणारी महाविद्यालये मात्र सोयीची वाटली तरी टाळलेली बरी. बारावीच्या प्रात्यक्षिकांत ती उणीव उघडी पडते.